वाईट बातमी खुर्चीपर्यंत पोहोचत नाही तेव्हा

५ सप्टेंबर १९८७ रोजी ब्रह्मदेशाच्या सरकारने जाहीर केलं की २५, ३५ आणि ७५ क्यातच्या नोटा यापुढे चालणार नाहीत. त्या बदलून मिळणार नव्हत्या, बँकेत भरता येणार नव्हत्या, आणि भरपाईचा तर प्रश्नच नव्हता. देशात फिरणाऱ्या पैशापैकी निम्म्याहून जास्त पैसा याच नोटांमध्ये होता. भात विकून रोकड जवळ ठेवलेले शेतकरी, छोटे दुकानदार, फी भरण्यासाठी पैसे जमवलेले विद्यार्थी, साऱ्यांची गंगाजळी एका दिवसात रद्दी झाली. काही दिवसांतच नव्या नोटा आल्या, त्या ४५ आणि ९० क्यातच्या. असले आकडे कशासाठी? दोन्हींना ९ ने भाग जातो, आणि १९६२ पासून देश एकहाती चालवणाऱ्या जनरल ने विनची ९ या आकड्यावर श्रद्धा होती.

एकेकाळी जगाला सर्वांत जास्त तांदूळ पुरवणारा हा देश त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सर्वांत कमी विकसित देशांच्या यादीत गेला. पुढच्या ऑगस्टमध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि लष्कराने त्यांच्यावर गोळ्या चालवल्या.

एखाद्या माणसाच्या डोक्यात कसलंही खूळ शिरू शकतं, याचं मला फारसं आश्चर्य वाटत नाही. मला अस्वस्थ करतो तो पुढचा प्रवास. ने विनच्या डोक्यातून निघालेला हा विचार सरकारी हुकूम बनेपर्यंत मध्ये मंत्री होते, अर्थखातं होतं, मध्यवर्ती बँक होती. त्यातल्या काहींना तरी पुढे काय होणार हे नक्की दिसत असणार. पण “हे करू नका” असं म्हणून हुकूम थांबवू शकेल असा एकही माणूस त्या वाटेवर शिल्लक नव्हता. गरीब देशांवर हुकूमशाहीचा जो परिणाम होतो, त्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

हुकूमशाही म्हटलं की गणवेश, रणगाडे, रेडिओवरून घोषणा असं चित्र डोळ्यांसमोर येतं. ते बाह्यरूप झालं. सत्तेवरच्या माणसाला लोक शांतपणे घरी पाठवू शकत नाहीत, आणि त्याला अडवू शकणारी न्यायालयं, वर्तमानपत्रं, संसद, कामगार संघटना, विरोधी पक्ष हे एकतर बंद झालेले असतात किंवा नावापुरते उरलेले असतात. अशी स्थिती असेल तर राज्यकर्ता लष्करी आहे, राजघराण्यातला आहे, की निवडून आलेला आहे, यानं फार फरक पडत नाही.

“एक खंबीर माणूस हवा”

हा युक्तिवाद आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. देश गरीब आहे, लोक अडाणी आहेत, पक्ष भांडतायत, दहा वर्षांत एक धरण पुरं होत नाही. अशा वेळी कुणीतरी खंबीर माणूस येऊन सगळ्यांची तोंडं बंद करेल आणि कामं उरकेल, असं वाटणं साहजिक आहे. शिवाय उदाहरणं खरी आहेत. १९६१ मध्ये बंड करून सत्तेवर आलेल्या पार्क चुंग-हीच्या १८ वर्षांत दक्षिण कोरिया कुठल्या कुठे गेला. तैवानमध्ये १९४९ ते १९८७ लष्करी कायदा होता आणि त्याच काळात तो देश श्रीमंत झाला. सिंगापूरमध्ये ली क्वान यू ३१ वर्षं पंतप्रधान होते. त्यांनी विरोधकांना फारसा श्वास घेऊ दिला नाही, पण भ्रष्टाचारही वाढू दिला नाही.

अडचण अशी की ही यादी आपण नेहमी वरूनच वाचतो. पार्क सत्तेवर होता त्याच काळात झाईरमध्ये, म्हणजे आजच्या कांगोत, तिजोरी लुटणारा मोबुटू होता. फिलिपिन्समध्ये मार्कोस होता. युगांडात इदी अमीन होता, ज्याने १९७२ मध्ये आशियाई वंशाच्या लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावला, त्यांचे कारखाने नि दुकानं आपल्या मर्जीतल्यांना वाटली आणि देशाचा व्यापार बसवला. कंबोडियात १९७५ ते १९७९ या चार वर्षांत ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेच्या राजवटीत १५ ते २० लाख माणसं मेली. हे सगळे “खंबीर”च होते.

बेंजामिन जोन्स आणि बेंजामिन ओल्केन या अर्थशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये एक हुशार अभ्यास प्रसिद्ध केला. पदावर असताना आजाराने किंवा अपघाताने वारलेले ५७ राष्ट्रप्रमुख त्यांनी निवडले. असा मृत्यू कुणी ठरवून आणत नाही, त्यामुळे नेता बदलल्याचा परिणाम वेगळा काढून बघता येतो. लोकशाही देशांत नेता गेल्यावर अर्थव्यवस्थेच्या वेगात फारसा बदल दिसला नाही. हुकूमशाही देशांत मात्र मोठा बदल दिसला, कधी चांगला, कधी वाईट. म्हणजे अशा देशात एका माणसाच्या स्वभावावर, तब्येतीवर, लहरीवर कोट्यवधींची भाकरी अवलंबून असते. ली क्वान यू मिळेल की मोबुटू, हे लोकांच्या हातात नसतं. आणि मोबुटू मिळाला तर तो बदलायची सोयही नसते. मोबुटू ३२ वर्षं होता.

पीक कागदावरचं

आता मूळ मुद्द्याकडे येतो. त्यावर जरा जास्त थांबणार आहे, कारण सर्वांत जास्त माणसं त्यानेच मारली आहेत.

१९५८ मध्ये माओने चीनमध्ये “मोठी झेप” जाहीर केली. शेतं सामुदायिक झाली, घरातल्या चुली बंद होऊन सार्वजनिक भोजनगृहं सुरू झाली, गावोगावी परसातल्या भट्ट्यांमध्ये पोलाद बनवायचा उद्योग लागला. प्रत्येक जिल्ह्याला पिकाचं उद्दिष्ट दिलं गेलं. शेजारच्या जिल्ह्याने दुप्पट उत्पन्न जाहीर केलं की आपण तिप्पट जाहीर करायचं, अशी चढाओढ अधिकाऱ्यांत लागली. खरा आकडा सांगणारा “उजवा”, “क्रांतिविरोधी” ठरायचा. काही ठिकाणी वरिष्ठांची भेट ठरली की आसपासच्या शेतांतली रोपं उपटून एकाच शेतात दाटीवाटीने लावत, म्हणजे पीक उभं दिसेल.

इथवर हे नुसतं सोंग वाटेल. पण सरकारची धान्यवसुली याच कागदावरच्या पिकातून ठरत होती. शेतात खरोखर पिकलं त्यातला मोठा भाग सरकारी कोठारात गेला आणि पिकवणाऱ्याच्या घरात काही उरलं नाही. हेनान प्रांतातल्या शिनयांग भागात कोठारांमध्ये धान्य असताना लोक मेले. ८० लाख वस्तीच्या त्या भागात सुमारे १० लाख माणसं मेली असावीत असा अंदाज आहे. गावाबाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर पहारे बसवले होते, म्हणजे भुकेली माणसं शहरात जाऊन बोभाटा करणार नाहीत. १९५९ मध्ये चीनने ४० लाख टनांच्या आसपास धान्य परदेशी पाठवलं, कारण कागदावर ते मुबलक होतं.

त्याच वर्षी जुलैमध्ये लूशानला पक्षाची बैठक झाली. संरक्षणमंत्री पेंग दहुआई स्वतः गावांत फिरून आला होता. त्याने माओला खाजगी पत्र लिहून सांगितलं की आकडे फुगवलेले आहेत. माओने ते पत्र छापून सगळ्या बैठकीत वाटलं आणि पेंगला पदावरून काढलं. संरक्षणमंत्र्याची ही गत होत असेल तर तालुक्याचा अधिकारी कशाला तोंड उघडेल? त्यानंतर वर जाणारे आकडे आणखी फुगले आणि दुष्काळाचं सर्वांत वाईट वर्ष, १९६०, लूशाननंतर आलं. एकूण मृत्यूंचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. दीड कोटीच धरला, तरी हा अर्वाचीन काळातला सर्वांत मोठा दुष्काळ ठरतो.

अमर्त्य सेन यांनी यावरून एक निष्कर्ष मांडला, तो आता बराच प्रसिद्ध आहे: नियमित निवडणुका आणि मोकळी वर्तमानपत्रं असलेल्या देशात मोठा दुष्काळ पडल्याचं उदाहरण सापडत नाही. पीक तिथेही बुडतं. पण पहिल्या काही गावांतून बातमी छापून येते, विरोधी पक्ष गदारोळ करतात, आणि निवडणूक समोर असलेलं सरकार धावपळ करून धान्य पोहोचवतं. इथिओपियाने याची दुसरी बाजू दोनदा दाखवली. १९७३ मध्ये सम्राट हैले सेलासीच्या सरकारने वोलो प्रांतातला दुष्काळ झाकून ठेवला. पुढच्या वर्षी त्याला हटवून लष्करातले क्रांतिकारक आले. आणि १९८४ च्या सप्टेंबरमध्ये, उत्तरेत लोक अन्नावाचून मरत असताना, त्यांनी राजधानीत आपल्या क्रांतीचा दहावा वर्धापनदिन थाटात साजरा केला. राजा गेला, क्रांती आली, पण खालची बातमी वर नेणारी वाट काही उघडली नाही.

सेन यांच्याच म्हणण्याची दुसरी बाजू सांगायला हवी, नाहीतर हा लेख लबाडीचा होईल. लोकशाही अचानक आलेल्या उपासमारीवर धावून जाते. रोजच्या अर्धपोटी जगण्यावर ती तितकीच धावते असं नाही. मुलांचं वजन कमी असणं ही पहिल्या पानाची बातमी होत नाही. दुष्काळ वगळता चीनने आयुर्मान वाढवण्यात आणि साक्षरतेत भारतासारख्या लोकशाहीला मागे टाकलं होतं, हेही सेन यांनीच दाखवून दिलं. मत देता येतं म्हणून पोट आपोआप भरत नाही.

आकड्यांचं हे दुखणं जुनं झालेलं नाही. व्हेनेझुएलात २०१७ च्या मे महिन्यात आरोग्य मंत्रालयाने बऱ्याच काळाने आकडेवारी प्रसिद्ध केली: एका वर्षात अर्भकमृत्यू ३० टक्क्यांनी वाढले होते, बाळंतपणातले मृत्यू ६५ टक्क्यांनी, हिवताप ७६ टक्क्यांनी. काही दिवसांतच आरोग्यमंत्री अँतोनिएता कापोराले यांना पदावरून दूर केलं गेलं. औषधांचा तुटवडा तिथेच राहिला, आकडे मात्र नाहीसे झाले.

लुईस मार्तीनेस या अर्थशास्त्रज्ञाने तर हे आकाशातून मोजलं. उपग्रहांनी टिपलेला रात्रीचा उजेड आणि सरकारांनी जाहीर केलेली वाढ यांची त्याने देशोदेशी तुलना केली. अर्थव्यवस्था खरंच वाढली की दिवे वाढतात. दिव्यांना धमकावता येत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा की हुकूमशाही देश आपली वार्षिक वाढ सरासरी ३५ टक्क्यांनी फुगवून सांगतात. म्हणजे खरी वाढ २ टक्के असेल तर कागदावर २.७ येते. हुकूमशाहीत विकास जोरात होतो असं सांगणाऱ्या किती तक्त्यांमध्ये हे फुगवलेले आकडे बसले असतील, याचा विचार केला की पोटात गोळा येतो.

या सगळ्यात राज्यकर्त्याचंही नुकसान होतं. लोक टाळ्या वाजवतात, पण त्या प्रेमाने वाजवतात की भीतीने, हे त्याला कळायची सोय उरत नाही. जितकी दहशत जास्त, तितका तो आंधळा. आंधळा झाल्यामुळे तो घाबरतो, आणि घाबरल्यामुळे आणखी दहशत बसवतो. कर्तबगार माणसं त्याला धोका वाटू लागतात, म्हणून तो भोवती होयबा गोळा करतो. आणि होयबांचा सगळा रोजगार गोड बातमी आणण्यावर चालतो.

तिजोरी कुणासाठी उघडते

दुसरा मुद्दा पैशाचा. राज्यशास्त्रज्ञ ब्रूस ब्वेनो दे मेस्किटा आणि त्यांचे सहकारी यांनी हा हिशेब छान मांडला आहे. मी तो आकडे घालून सांगतो. समजा, तिजोरीत १०० कोटी आहेत. खुर्ची टिकवायला १,००० माणसं खूश ठेवणं पुरेसं आहे: सेनापती, गुप्तहेर खात्याचे प्रमुख, दोन-चार बडे व्यापारी, टोळीप्रमुख. प्रत्येकाला ५ लाख वाटले तरी ५० कोटी स्वतःला उरतात. आता समजा, खुर्ची टिकवायला ५० लाख लोकांची मतं लागतात. सगळी तिजोरी वाटली तरी माणशी २०० येतात, आणि २०० मध्ये कुणी खूश होत नाही. मग राज्यकर्त्याला त्या पैशात असं काहीतरी करावं लागतं जे सगळ्यांना एकदम वापरता येईल: नळ, रस्ता, शाळा, दवाखाना. तो संत असावा लागत नाही. त्याचा स्वार्थच त्याला तिकडे ढकलतो.

मोबुटूचा हिशेब पहिल्या प्रकारचा होता. बादोलिते या आपल्या मूळच्या खेड्यात, जंगलात, त्याने महाल बांधले आणि काँकॉर्ड विमान उतरेल एवढी धावपट्टी केली. त्याच देशात रस्ते जंगलात गडप होत होते आणि शिक्षकांचे पगार महिनोन् महिने थकत होते. लोकांनी एक कडवट शब्द तयार केला, “कलम पंधरा”. राज्यघटनेतलं हे काल्पनिक कलम म्हणे एवढंच सांगतं: तुमचं तुम्ही बघा. शिक्षक पालकांकडून पैसे घेऊन जगू लागले, शिपाई नाक्यावर वाटसरूंना लुबाडून. जानेवारी १९९३ मध्ये सैनिकांना पगार मिळाला तो ५० लाख झाईरच्या (तिथल्या चलनाचं नावही झाईरच) नव्या नोटांत, आणि बाजारात त्या नोटा कुणी घेईना. सैनिकांनीच राजधानी लुटली. शेकडो माणसं मेली. कुंपणानेच शेत खाल्लं, हे इथे शब्दशः घडलं.

मान्सूर ओल्सन नावाचे अर्थशास्त्रज्ञ म्हणायचे की भटक्या लुटारूपेक्षा एकाच जागी मुक्काम ठोकलेला लुटारू बरा, कारण त्याला पुढच्या वर्षीही लुटायचं असतं, म्हणून तो थोडं पिकू देतो. पण हुकूमशहाला आपण किती दिवस टिकू याची खात्री नसते. उद्याचं उद्या, असं वाटू लागलं की मुक्कामी लुटारूही भटक्यासारखा वागतो, आणि पैसा परदेशी बँकांत जातो.

कर्ज मात्र मागे राहतं. मार्कोस १९६५ मध्ये निवडून आला तेव्हा फिलिपिन्सचं विदेशी कर्ज १ अब्ज डॉलरच्या आत होतं. १९७२ मध्ये त्याने लष्करी कायदा लावला, आणि १९८६ मध्ये तो पळाला तेव्हा कर्ज २५ अब्जांच्या पुढे गेलं होतं. त्यातले २ अब्जांहून जास्त बतानच्या अणुवीज केंद्रात गेले. त्या केंद्राने आजवर एक युनिट वीजही दिलेली नाही. त्याचं कर्ज फेडून झालं २००७ मध्ये. मार्कोस पळाल्यानंतर जन्मलेली मुलं तोवर वयात आली होती, आणि त्यांच्या शाळा-दवाखान्यांना मिळायचा तो पैसा न पेटलेल्या दिव्याच्या हप्त्यांत गेला होता. कर्ज देणाऱ्या परदेशी बँका आणि सरकारं यांना मी यातून मोकळं सोडत नाही. आपण कुणाला पैसे देतो आहोत, हे त्यांना माहीत होतं.

जमिनीखाली तेल किंवा हिरे सापडले तर हे दुखणं आणखी वाढतं, कारण राज्यकर्त्याला लोकांच्या कराचीही गरज उरत नाही. विषुववृत्तीय गिनीत तेओदोरो ओबियांग १९७९ पासून सत्तेवर आहे. १९९० च्या दशकात तिथे तेल निघालं, दरडोई उत्पन्नाचा आकडा आकाशाला भिडला. सामान्य घरात मात्र पिण्याचं पाणी पोहोचलं नाही. राष्ट्राध्यक्षाच्या मुलाला २०१७ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने सार्वजनिक पैशाच्या अपहारात दोषी ठरवलं. त्याच खंडातल्या बोत्स्वानाला १९६६ मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा तो जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी होता. पुढच्याच वर्षी तिथे हिरे सापडले. पण नियमित निवडणुका, चालणारी न्यायालयं आणि हिशेब विचारणारी संसद असल्याने हिऱ्यांचा पैसा रस्ते, शाळा आणि गंगाजळीत गेला, आणि तो देश कित्येक दशकं जगातल्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्या देशांत राहिला. विषमता तिथेही मोठी आहे, आणि एड्सने तर त्या देशाचं कंबरडं मोडलं होतं. पण तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फेस्टस मोगाए यांनी ते संकट जगासमोर उघड मांडलं, आणि २००२ पासून सरकारने रुग्णांना मोफत औषधं द्यायला सुरुवात केली. व्हेनेझुएलाच्या आरोग्यमंत्र्यांची गोष्ट इथे आठवावी.

मग कोरिया, चीन कसे?

हा प्रश्न टाळता येणार नाही. माझं उत्तर असं आहे की ज्या थोड्या हुकूमशाह्यांनी विकास केला, त्यांच्याकडे खरी बातमी वर येण्याची एखादी तरी वाट उघडी होती.

पार्क चुंग-हीने कारखानदारांना स्वस्त कर्जं दिली, पण एका अटीवर: माल परदेशात खपला पाहिजे. दर महिन्याला निर्यातीची बैठक व्हायची, तीत तो स्वतः बसायचा आणि उद्योजकांच्या अडचणी ऐकायचा. परदेशी गिऱ्हाईक हुकूमशहाला घाबरत नाही. माल वाईट असला तर ते घेत नाही, आणि तो आकडा खोटा लिहिता येत नाही. शिवाय पार्क येण्याच्या आधीच जमीन कुळांना वाटून झाली होती, शाळा गावोगावी गेल्या होत्या आणि अमेरिकेची मदत येत होती. या तिन्ही गोष्टी मोबुटूच्या देशात नव्हत्या.

चीनमध्ये १९७८ च्या डिसेंबरात आन्ह्वे प्रांतातल्या श्याओगांग गावच्या १८ शेतकऱ्यांनी गुपचूप एका कागदावर अंगठे उठवले आणि सामुदायिक जमीन घराघरांत वाटून घेतली. पकडले गेले तर तुरुंग ठरलेला. पीक भरघोस आलं. या वेळी प्रांताचे प्रमुख वान ली यांनी त्यांना शिक्षा न करता पाठीशी घातलं, आणि दंग श्याओपिंगच्या काळात तीच पद्धत देशभर गेली. एकाधिकार तोच, पक्ष तोच, पण आता एका गावचा खरा अनुभव वरपर्यंत पोहोचू शकला. १९८२ च्या राज्यघटनेत राष्ट्राध्यक्षपदाला दोन मुदतींची मर्यादाही घातली गेली. ती २०१८ मध्ये काढून टाकली आहे.

आणि जिथे ही वाट उघडी नव्हती तिथे कोरियातही किंमत मोजावी लागली. सोलच्या प्योंगह्वा बाजारातल्या शिवणकारखान्यांत कोवळ्या मुली दिवसाला १४-१४ तास काम करत, माणसाला ताठ उभंही राहता येणार नाही अशा माळ्यांवर. चुन ते-इल नावाचा २२ वर्षांचा कामगार तिथे होता. देशात कामगार कायदा आहे, तो चांगलाही आहे, फक्त पाळला जात नाही, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने कामगारांची पाहणी केली, सरकारी कार्यालयात अर्ज दिले. कुणी दाद दिली नाही. १३ नोव्हेंबर १९७० रोजी त्याने कामगार कायद्याचं पुस्तक हाती धरून स्वतःला पेटवून घेतलं. पार्कच्या यशाची गोष्ट सांगताना मला हा मुलगा वगळता येत नाही. ज्या निर्यातीच्या आकड्यांचं कौतुक होतं, ते त्या माळ्यांवर शिवले गेले होते.

डारॉन असेमोग्लू, सुरेश नायडू, पास्कुआल रेस्त्रेपो आणि जेम्स रॉबिन्सन यांनी २०१९ मध्ये दाखवलं की हुकूमशाहीतून लोकशाहीत आलेल्या देशांचं दरडोई उत्पन्न पुढच्या २५ वर्षांत, तसं न झालं असतं त्या तुलनेत, सुमारे २० टक्क्यांनी जास्त होतं. गुंतवणूक वाढते, शाळा-आरोग्यावर खर्च वाढतो, दंगे-बंडं कमी होतात. पण २५ वर्षं हा मोठा काळ आहे. पहिली पाच-सात वर्षं गोंधळाची, भांडणांची जातात आणि नेमकं तेव्हाच लोकांना पुन्हा खंबीर माणूस हवासा वाटतो.

आजकाल तो निवडणुकीतून येतो. एल साल्वादोरमध्ये नायिब बुकेले २०१९ मध्ये लोकांच्या मतांनी आला. २०२१ च्या मे महिन्यात त्याच्या पक्षाच्या संसदेने घटनापीठाचे न्यायाधीश काढून टाकले. २०२२ पासून आणीबाणी आहे, ८० हजारांहून जास्त लोक पकडले गेले. खून खरोखरच झपाट्याने कमी झाले आणि लोक खरोखरच खूश आहेत. टोळ्यांच्या दहशतीत जगलेल्या आईला मी कोणत्या तोंडाने सांगू की तू चुकतेस? पण त्या तुरुंगांत निरपराध मुलगा अडकलेल्या आईने कुणाकडे जायचं, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. न्यायाधीश आधीच काढून टाकलेले आहेत. २०२५ मध्ये कितीही वेळा निवडून येण्याची मुभाही मिळाली.

म्हणून कुठल्याही देशाकडे बघताना मी निवडणूक होते का, एवढं विचारून थांबत नाही. तिथे सत्तेला “नाही” म्हणून दुसऱ्या दिवशी कामावर येणारे किती लोक आहेत, हे बघतो: न्यायाधीश, संपादक, लेखापरीक्षक, आकडेवारी खात्याचा अधिकारी, स्वपक्षाचा आमदार.

३ डिसेंबर २०२४ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांनी अचानक लष्करी कायदा जाहीर केला. १९८० मध्ये ग्वांगजू शहरात अशाच हुकुमाखाली सैनिकांनी शेकडो नागरिकांना मारलं होतं, आणि ते आठवणारी माणसं अजून हयात होती. बातमी ऐकून लोक संसदेसमोर जमले. सैनिकांनी इमारतीला वेढा घातला तेव्हा काही खासदार कुंपणावरून चढून आत गेले. रात्री एकच्या सुमारास १९० खासदारांनी मतदान केलं. लष्करी कायदा उठवण्याच्या बाजूने १९०, विरोधात शून्य. राष्ट्राध्यक्षांच्या स्वतःच्या पक्षाचे खासदारही त्यांत होते. पहाटे साडेचारच्या सुमारास हुकूम मागे घेतला गेला. ४ एप्रिल २०२५ रोजी घटना न्यायालयाच्या आठही न्यायाधीशांनी एकमताने यून यांना पदावरून दूर केलं.